अपकृत्याचा कायदा व आमचा इतिहास

नाशिक शहर आणि नाशिक रोड यांमध्यें तीन कोसांस थोडें कमी इतकें अंतर आहे. आगगाडी गोदाकांठच्या जुन्या शहरांत न शिरतां बाहेरूनच पुढें गेली, आणि ती जेथें थांबली त्या जागेस ‘नाशिकचा रस्ता’ एवढेंच नांव मिळालें. १८८९ पासून सुमारें चाळीस वर्षें घोड्यांची ट्राम उतारूंस स्टेशनावरून शहरांत नेत असे. आज ती ट्राम नाहीं. पण सरकारी छापखाना, कारागृह आणि स्टेशन यांच्या भोंवतीं वाढलेलें हें उपनगर आगगाडीचेंच अपत्य आहे, ही गोष्ट तेथें पाऊल टाकणारास आजही सांगावी लागत नाहीं.

येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगा यंदा कायद्याच्या पहिल्या वर्गांत बसला आहे. परवां त्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. “कराराचा कायदा १८७२ चा आहे, त्याचीं कलमें मोजतां येतात. गुन्ह्यांची संहिता आहे. परंतु ‘टॉर्ट’ म्हणून जो विषय आम्हांस लाविला आहे, त्याचा ॲक्टच कोठें सांपडत नाहीं. ज्याचें कलम नाहीं त्याचा अभ्यास करावयाचा तरी कसा?” प्रश्न भाबडा दिसतो, पण त्याचें उत्तर वर्गांतील टिपणांत नसून इतिहासांत आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून तें येथें थोडें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. टॉर्ट हा शब्द लॅटिन भाषेंतून आला असून त्याचा मूळ अर्थ पिळलेलें, वांकविलेलें असा आहे. मराठींत आपण ‘अपकृत्य’ हा शब्द योजितों व तो योग्यच आहे. तथापि आपल्या बोलींत “माझें कोण काय वाकडें करणार?” असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां रोमन लोकांचीच उपमा नकळत आपल्या तोंडीं येते. दुसऱ्याचें वाकडें करणें हें अपकृत्य, आणि केलेलें वाकडें पैशानें होईल तितकें सरळ करून देणें ही भरपाई. गुन्ह्यांत सरकार शिक्षा करवितें. करारांत दिलेला शब्द मोडलेला असतो. अपकृत्यांत मात्र शब्द दिलेला नसतांही एका माणसाचें दुसऱ्याप्रत कांहीं कर्तव्य होतें व तें त्यानें पाळलें नाहीं, एवढ्यावरच दावा उभा राहतो.

ही कल्पना परदेशांतून आली असें समजणें चुकीचें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांविषयीं जे नियम आहेत, ते कोणाही विद्यार्थ्यानें अवश्य पाहावे. हांकणारा अडाणी असल्यामुळें गाडी मार्ग सोडून गेली व नुकसान झालें, तर दंड गाडीच्या धन्यास. हांकणारा कुशल असून त्यानें चूक केली, तर दंड हांकणारास. अडाणी माणसाच्या हातीं कासरा देणें हीच धन्याची चूक होय, असा यांतील आशय आहे. नोकराच्या कृत्याबद्दल धनी केव्हां जबाबदार, हा आजच्या पुस्तकांतील एक मोठा प्रश्न. त्याची जाणीव येथें स्पष्ट आहे. त्याच अध्यायांत, कोणास दुखापत केल्यास त्याच्या औषधोपचाराचा खर्च करणारानें सोसावा असें सांगितलें आहे. त्यास ‘समुत्थानव्यय’ असें सुंदर नांव आहे. पडलेला माणूस पुन्हां उठून उभा राहीपर्यंतचा खर्च! परंतु दंड हा मुख्यतः राजाकडे जाई, आणि वर्णपरत्वें शिक्षा कमीअधिक होई. प्रत्येक माणसाच्या अंगाची व अब्रूची किंमत न्यायासनापुढें सारखीच, हें तत्त्व त्या व्यवस्थेंत नव्हतें. तें सांगून टाकणें प्रामाणिकपणाचें होय.

पेशवाईनंतर मुंबई इलाख्याचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या हातीं आला. त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १८२७ सालीं, जो चौथा रेग्युलेशन झाला त्यांत न्यायाधीशांनीं कोणत्या क्रमानें कायदा पाहावा तें सांगितलें आहे. पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशनें प्रथम. तीं नसल्यास देशाचा रिवाज. रिवाज नसल्यास प्रतिवादीचा कायदा. आणि कांहींच नसल्यास न्याय, समता व सद्विवेकबुद्धि. या शेवटच्या तीन शब्दांच्या दारांतून अपकृत्याचा इंग्रजी कायदा आपल्या घरांत आला. १८८७ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें कीं, या शब्दांचा अर्थ येथील समाजास व परिस्थितीस लागू पडतील ते इंग्रजी कायद्याचे नियम असा साधारणतः घेतला जातो. १८८६ मध्यें सर फ्रेडरिक पोलॉक यांनीं या विषयाचा मसुदा हिंदुस्थानाकरितां तयार केला होता. तो कधींच मंजूर झाला नाहीं. आमच्या तरुण मित्रास ॲक्ट सांपडत नाहीं, तो यामुळें!

तथापि एका बाबतींत मात्र कायदा फार लवकर झाला, आणि त्याचा संबंध नाशिक रोडच्या जन्माशींच आहे. इंग्लंडांत १८०८ सालीं एक भाड्याची घोडागाडी उलटली व एका गृहस्थाची पत्नी महिन्याभरानें वारली. न्यायाधीशांनीं ठरविलें कीं, माणसाच्या मरणाबद्दल दुसऱ्यास दिवाणी दावा लावतां येत नाहीं. पतीस भरपाई मिळाली ती पत्नी जिवंत असेपर्यंतच्या काळापुरती. म्हणजे पाय मोडला तर पैसे द्यावे लागत. जीव घेतला तर वारसांस द्यावे लागत नसत. घोडागाड्यांच्या काळीं ही विसंगति खपून गेली. आगगाड्या आल्यावर ती खपेना, आणि १८४६ सालीं पार्लमेंटनें ती दूर केली. मुंबई-ठाणें ही आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८५५ सालीं, दुसऱ्याच्या दोषानें मेलेल्याच्या पति-पत्नीस, आईबापांस व मुलांस भरपाई देणारा कायदा हिंदुस्थानांतही झाला. लोहमार्ग घाट चढून नाशिकच्या मुलखांत येण्यापूर्वींच विधवेचा हक्क कागदावर येऊन बसला होता.

आतां या विषयांतील आपला सर्वांत प्रसिद्ध दावा पाहूं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या झाडून वध केला. लोकमान्य टिळक त्या वेळीं मंडालेच्या तुरुंगांत होते. पुढल्याच वर्षीं ‘टाइम्स’चे प्रतिनिधि सर व्हॅलेंटाइन चिरोल यांचें हिंदुस्थानांतील असंतोषावरील पुस्तक लंडनमध्यें निघालें. त्यांत पुण्यांतील व नाशिकच्या खुनांचा संबंध टिळकांच्या चळवळीशीं व लेखनाशीं लाविला होता. ताईमहाराज प्रकरणावरूनही त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले होते. सुटून आल्यावर टिळकांनीं चिरोल व प्रकाशक मॅकमिलन यांजवर बेअब्रूचा दिवाणी दावा लाविला. येथें हें लक्षांत ठेवावें कीं टिळक स्वतः १८७९ चे एल्‌एल्. बी. होते व पुण्यांत त्यांनीं कायद्याचा वर्गही चालविला होता. हें शस्त्र त्यांनीं अजाणतेपणें उचललेलें नव्हतें.

१९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारींत लंडनमध्यें न्यायमूर्ति डार्लिंग यांच्यापुढें ज्यूरीसमोर खटला चालला. टिळकांच्या बाजूनें सर जॉन सायमन, प्रतिवादींच्या बाजूनें सर एडवर्ड कार्सन. चिरोल यांचा बचाव असा कीं, लिहिलें तें खरें आहे. दिवाणी बेअब्रूंत सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारींत, जुन्या पीनल कोडाप्रमाणें व २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेप्रमाणेंही, सत्यास सार्वजनिक हिताची जोड लागते. हा भेद परीक्षेंत हमखास विचारला जातो. परंतु त्याचा चटका टिळकांस बसला. कारण ‘खरें आहे’ असा बचाव घेतल्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यांत जणूं वादीच उभा राहतो. कार्सन यांनीं १८९७ व १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षा, जुने अग्रलेख, सर्व उकरून काढलें. ज्यूरीनें प्रतिवादींच्या बाजूनें निकाल दिला. दोन्ही बाजूंचा खर्च टिळकांवर पडला, आणि तो फेडण्यास लोकांनीं वर्गणी जमवून दिली.

या निकालाविषयीं आपल्याकडे दोन मतें बोललीं जातात. एक असें कीं परक्या ज्यूरीकडून दुसरें काय होणार. दुसरें असें कीं टिळकांनीं तेथें जावयासच नको होतें. आम्हांस दोन्ही अपुरीं वाटतात. ज्यूरीचा पूर्वग्रह आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पूर्वग्रह वजा केला तरी खटल्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न उरतोच. हजारों मैलांवर कैदेंत असलेल्या माणसाच्या जुन्या शब्दांचा आणि नाशिकच्या नाट्यगृहांतील गोळीचा दुवा कायद्यानें किती लांबवर ओढावा? कृत्य व परिणाम यांमधील हा धागा कोठें तोडावयाचा, याचेंच नांव अपकृत्याच्या शास्त्रांत परिणामाची दूरता. बंगल्याच्या भिंतीपासून वर्तमानपत्राच्या स्तंभापर्यंत हा प्रश्न एकच आहे. आणि दुसरें मत घेणारांस आमचें उत्तर असें: जो अन्याय झाला असें मानतो त्यानें न्यायासनापुढें जावें, हीच तर या कायद्याची एकमेव प्राणशक्ति आहे. गुन्ह्याचा पाठपुरावा सरकार करतें. अपकृत्याचा पाठपुरावा दुखावलेल्या माणसाखेरीज कोणीही करीत नाहीं.

त्याचा प्रत्यय स्वराज्यांतही आला. १९५३ च्या मे महिन्यांत पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाचा मांडीचा हाड मोडला; पुण्याच्या रुग्णालयांत उपचार चालू असतां तो वारला. त्याच्या आईबापांनीं शस्त्रवैद्यावर दावा लाविला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६८ सालीं निकाल लागला. भरपाई अवघी तीन हजार रुपये. परंतु रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं, कोणता उपचार करावा व तो कसा करावा, या तिन्ही ठिकाणीं वैद्यानें वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हें तत्त्व त्या पंधरा वर्षांच्या चिकाटीनें साऱ्या देशास मिळालें. त्या आईबापांनीं मुलाची किंमत मागितली नव्हती, ती कोण देणार? ‘हें घडावयास नको होतें’ एवढें एक वाक्य त्यांस न्यायासनाकडून हवें होतें, असें आम्ही समजतों.

पुढें १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळची वायुगळती झाली आणि एका वर्षानें दिल्लींत तसलाच, जरी लहान, प्रसंग घडला. दिल्लीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १८६८ चा इंग्रजी नियम व त्याचे अपवाद बाजूस सारून ठरविलें कीं, धोक्याचा धंदा करणारा त्याच्या परिणामांस पूर्णतः जबाबदार आहे. सबबी चालणार नाहींत. सद्विवेकबुद्धीच्या दारांतून आलेल्या पाहुण्याचें बोट सोडून आपला कायदा स्वतःच्या पायांवर चालूं लागला, तो असा.

आमच्या तरुण मित्रास म्हणून आम्हीं इतकेंच सांगितलें: तुझ्या विषयाचीं कलमें नाहींत हें खरें, पण त्याच्या प्रत्येक नियमामागें एक माणूस उभा आहे. कोणी अपघातांत पत्नी गमावलेला, कोणी मुलगा गमावलेली, कोणी अब्रूसाठीं समुद्र ओलांडून गेलेला व हरून आलेला. निकालांचीं नांवें पाठ करण्याआधीं त्या माणसांची ओळख करून घे. तो तेव्हां कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र तो लोकमान्यांच्या त्या खटल्याची हकीकत कोठें वाचावयास मिळेल, असें विचारीत आला. आमच्या मतें त्याचा अभ्यास तेथून सुरू झाला.