बहात्तराव्या अंशाचे हेलिकॉप्टर

वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, राज्यकारण आणि संतवाङ्मय हे विषय शोभतात. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात अशा मालेचा पाया घातला, तेव्हा पुढे नायगावसारख्या खाडीकाठच्या गावी कोणी वीतभरही नसलेले प्लॅस्टिकचे हेलिकॉप्टर घेऊन व्याख्यानास उभा राहील, अशी कल्पना त्यांनी खचित केली नसेल. ‘हे तर खेळणे!’ असे आमच्या घरच्या मंडळींनीही आम्हांस बजावले आहे. तेव्हा आरंभीच कबूल करतो की, होय, हे खेळणेच आहे. परंतु तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही जी एक गोष्ट आम्हांस नीटशी उमगली नव्हती, ती या खेळण्याने शिकवली. तेवढीच आज आपल्यापुढे मांडायची आहे.

प्रतिकृती करण्याची हौस आपल्याला नवी नाही. दिवाळी आली की आपल्याकडची मुले माती कालवतात आणि अंगणात किल्ला उभा राहतो. पण एक गंमत पाहा. वसईचा किल्ला आपल्या शेजारी आहे. तो समुद्रकाठचा, सपाटीवरचा, लांबरुंद दगडी तटाचा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने त्याच्या तटाखाली सुरुंग लावले आणि मे महिन्यात तो घेतला. असा किल्ला दाराशी असता आमची मुले करतात ती डोंगरावरची गढी, नागमोडी वाट आणि माथ्यावर सिंहासन! डोळ्यांपुढचा किल्ला हातून उतरत नाही, मनातला उतरतो. मुलांचे ते वय आहे. त्यांचे कौतुकच करावे. मात्र पन्नाशी उलटलेल्या इतिहासाच्या मास्तरानेही तेच केले, तर त्याला काय म्हणावे? ते पुढे सांगतो.

हेलिकॉप्टरचा इतिहास मुळात खेळण्यापासूनच सुरू होतो. दोन तळव्यांमध्ये काडी घोळवून सोडली की भिरभिरत वर जाणारी चकरी आपण लहानपणी उडवली असेल. चीनमध्ये हे खेळणे कित्येक शतकांपासून ठाऊक आहे. १७८४ साली लोन्वा आणि ब्यांव्हन्यू या दोघा फ्रेंच गृहस्थांनी काडीच्या दोन्ही टोकांना पक्ष्यांची पिसे बसवून, धनुष्याच्या दोरीच्या ताणावर उडणारे यंत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे उडवून दाखवले. १८७० साली आल्फोन्स पेनो याने दोरीऐवजी रबराचा पीळ वापरला. तसलेच एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे १९३९ च्या सप्टेंबरात इगोर सिकोर्स्की यांचे हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलले गेले, तेव्हा ते दोरांनी बांधलेले होते. त्यांनीही बालपणी रबरावर उडणारे हेलिकॉप्टर केले होते. म्हणजे येथे आधी प्रतिकृती झाली आणि मूळ वस्तू मागाहून आली. त्या काळच्या प्रतिकृतीला एकच प्रश्न विचारला जाई : उडते का?

आमच्या हातातल्या प्रतिकृतीला उडायचे नसते. तिचे गोत्र निराळे. तिचे माप मूळ यंत्राच्या बहात्तराव्या अंशाचे असते. बहात्तरच का? सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा सहा फुटी माणूस या मापात बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३० नंतर हे माप रुळले. दुसऱ्या महायुद्धात त्याला गंभीर काम मिळाले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखता यावे म्हणून सैनिकांना प्रतिकृती दाखवून शिकवीत. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून अशी पाच लाख लाकडी विमाने मागवली. मुलाच्या हातून पंखाचा आकार चुकला, तर तोफेमागच्या सैनिकाची नजर चुकण्याची भीती! युद्धानंतर साच्यातून प्लॅस्टिकचे सुटे भाग काढण्याची कला स्वस्त झाली. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे सुटे भाग पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकले आणि ही विद्या घरोघर पोचली. आता प्रश्नही बदलला. उडते का, असे कोणी विचारीत नाही. खरे आहे का, असे विचारतात.

आम्ही निवडले ते अलूएट-३. फ्रेंच भाषेत अलूएट म्हणजे चंडोल. हे हेलिकॉप्टर प्रथम १९५९ च्या फेब्रुवारीत उडाले. पुढच्याच वर्षी ते सात माणसांसह माँ ब्लां शिखरावर, ४,८०० मीटरांहून अधिक उंचीवर उतरले. हिमालयाची राखण करणाऱ्या देशाला असेच यंत्र हवे होते. १९६२ साली हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने ते येथे बांधण्याचा करार केला आणि १९६५ साली बंगलोरला बांधलेले पहिले यंत्र उडाले. आपण त्याला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले : चेतक. पुढे तीनशेहून अधिक चेतक बांधले गेले. डोंगरावरून जखमींना उतरवणे, विमानवाहू नौकेजवळ घिरट्या घालून समुद्रात पडलेल्या वैमानिकाला उचलणे, अशी कामे त्याने केली.

चेतकच्या पंख्याचा व्यास ११ मीटर आहे. बहात्तराव्या अंशात तो १५ सेंटीमीटर होतो. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे मूळ यंत्राचे ७.२ सेंटीमीटर. यावरून हाताला किती जपावे लागते ते ध्यानात येईल. त्यातून चेतकचे तोंड जवळजवळ सगळे काचेचे. आत पुढे तीन आसने, मागे चार, वैमानिकाचा दांडा, पट्टे, सारे बाहेरून दिसते. आळस लपवायला जागा नाही. काच झटपट चिकटवणाऱ्या डिंकाने लावावी तर त्याच्या वाफेने ती आतून धुरकटते. म्हणून पांढराच गोंद वापरायचा. शेपूट लांब असल्याने मॉडेल मागे कलंडते. त्यासाठी आम्ही कोळीवाड्यातून जाळ्याला लावायची शिशाची गोळी आणली आणि आसनाखाली दडवली. आकाशवाणीच्या तारेसाठी प्लॅस्टिकची उरलेली काडी मेणबत्तीवर धरून केसाएवढी ओढली. पावसाळ्यात खाडीवरच्या दमट हवेने रंगावर पांढरी झाक येते, म्हणून रंगकाम दसऱ्यापर्यंत थांबवले. इतके सगळे केले आणि मॉडेल काचेच्या कपाटात ठेवले.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध यंत्रज्ञ आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी हेलिकॉप्टरांच्या देखभालीत घालवली. ते चहाला आले असता आम्ही मोठ्या अभिमानाने मॉडेल त्यांच्या हाती दिले. त्यांनी चष्मा पुसला, मॉडेल फिरवून पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, पंखा उलटा बसवलाय. याची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. जाड कड पुढे हवी. आणि यंत्र उभं असताना पाती अशी ताठ राहत नाहीत, वजनानं वाकतात.” आम्ही ओशाळलो, पण खरा घाव पुढेच होता. मॉडेलवर नौदलाची अक्षरे होती, माणूस उचलण्याचे रहाट होते आणि दोन्ही बाजूंना रॉकेटेही होती. शोभून दिसतात म्हणून आम्ही ती लावली होती. त्यांनी शांतपणे विचारले, “हे कुठल्या दिवसाचं आहे?”

श्रोतेहो, आम्हांस उत्तर देता आले नाही. कारण तसा दिवस उगवलाच नव्हता. चार छायाचित्रांतून जे जे देखणे ते ते आम्ही घेतले होते. अंगणातल्या पोरांनी केलेला डोंगरी किल्ला आणि आमचे हेलिकॉप्टर यांत फरक एवढाच की, पोरे आठ वर्षांची होती.

मग सारे मोडून पुन्हा आरंभ केला आणि आधी दिवस निवडला : ३ डिसेंबर १९७१ ची रात्र. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात दिमापूर येथे एक छोटी हवाई तुकडी उभी राहिली होती. तिच्याजवळ एक डाकोटा, एक ऑटर आणि भारताने दिलेले एक अलूएट. मुळात प्राण वाचवण्याच्या कामी नावाजलेल्या या यंत्राला चौदा रॉकेटे आणि मशिनगन बसवण्यात आली. त्या रात्री बंगाली वैमानिकांनी ते नेऊन नारायणगंजजवळच्या गोदनाइल येथील तेलाच्या साठ्यावर मारा केला. खालून गोळी आली तर आतली माणसे वाचावीत म्हणून त्याच्या तळाला २५ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा जोडला होता. बहात्तराव्या अंशात तो सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे पत्रिकेच्या जाड कागदाएवढा होतो. आम्ही तसा कागद कापून तळावर बसवला. आसने बसल्यावर तो फारसा दिसत नाही. पण कापताना मनात आले की, इतिहासाच्या पुस्तकात ‘हेलिकॉप्टरने हल्ला केला’ एवढे वाक्य आम्ही सहज वाचून पुढे गेलो असतो. त्या पत्र्यावर पाय ठेवून बसलेल्या माणसांची भीती आणि हिंमत त्या वाक्यातून आम्हांस जाणवली नसती. आपल्या शेजारचे जूचंद्रचे रांगोळी कलावंत माणसाचा चेहरा काढताना पापणीच्या एका रेषेवर इतका वेळ का घालवतात, हेही तेव्हा उमगले.

हे मॉडेल पाहून एका स्नेह्यांनी आग्रह धरला की, आता शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाची प्रतिकृती करा. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आम्हीही वर्गात ती मोठ्या आवेशाने सांगितली आहे. आता मात्र कात्री हाती घेण्याआधीच प्रश्न पडू लागले. पंखांचे माप किती? सांगाडा कशाचा? चाके होती का? त्या दिवशीचे विश्वसनीय वर्णन पुढे आलेले नाही, आराखडा नाही, तुकडाही नाही. ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथातील चित्रे दाखवली जातात. पण ती १९२३ साली काढलेली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्यांची तपासणी करून सांगितले की, ग्रंथ विसाव्या शतकाच्या आधीचा नाही आणि ती विमाने उडण्याजोगी नाहीत. आम्ही स्नेह्यांना नकार दिला. ते रागावले, ‘तुम्हांला आपल्या माणसांचा अभिमान नाही,’ म्हणाले. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु माप ठाऊक नसताना आम्ही जे करू, ते तळपद्यांचे विमान होणार नाही. त्यांच्या नावाने खपवलेला आमचा अंगणातला किल्ला होईल.

अभिमान बाळगावाच. वसईच्या विजयाचा, चेतकचा, रांगोळीचा, सर्वांचा बाळगावा. पण त्याआधी त्या वृद्ध यंत्रज्ञांचा प्रश्न स्वतःला विचारून घ्यावा : हे कुठल्या दिवसाचे आहे? उत्तर मिळाले तर छाती पुढे काढावी. न मिळाले तर शोधायला लागावे.

व्याख्यान संपल्यावर मॉडेल येथेच मेजावर ठेवतो. मुलांनी अवश्य पाहावे. फक्त पंख्याला बोट लावू नये. तो आता योग्य बाजूला बसला आहे. आणि येत्या दिवाळीत कुणी वसईचा सपाट, समुद्रकाठचा किल्ला करणार असेल, तर त्याच्यासाठी माती कालवायला आम्ही येऊ.