एका तासाची वीज

विळ्याचा किंवा काचेचा खोल वार लागून हाताचा मज्जातंतू तुटला आणि शल्यवैद्याने तो केसासारख्या बारीक दोऱ्याने शिवून दिला, म्हणजे काम संपले असे आपणांस वाटते. वस्तुतः खरे काम तेथूनच सुरू होते. विजेची तुटलेली तार जोडली की दिवा लागतो; मज्जातंतू जोडला तरी बोटे हलत नाहीत. रोग्यास महिनेच्या महिने वाट पाहावी लागते. ही वाट पाहणे थोडे तरी कमी व्हावे म्हणून वैद्यांनी विजेची मदत कशी घेतली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा प्रारंभ इटलीतील बोलोन्या शहरी झाला. तेथील शरीरशास्त्राचे अध्यापक लुइजी गॅल्व्हानी यांनी १७९१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूस विजेचा स्पर्श होताच त्याचा पाय झटका देई. यावरून वैद्यांनी एक साधा बोध घेतला : लुळ्या पडलेल्या स्नायूस वीज हालवू शकते. पॅरिस येथील द्यूशेन यांनी १८५५ साली या उपचारावर ग्रंथच लिहिला. अमेरिकेतील यादवी युद्धात गोळ्या लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फिया येथे वेअर मिचेल व त्यांचे सहकारी उपचार करीत. त्यांच्याही साधनांत वीज होती. पण या साऱ्या उपचारांचा रोख मुख्यतः स्नायूवर होता. खुद्द मज्जातंतू कसा भरून येतो, हे कळावयास निराळी वाट धरावी लागली.

ती वाट ऑगस्टस वॉलर या इंग्रज संशोधकाने दाखविली. बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून त्याने १८५० साली सिद्ध केले की, मूळ पेशीपासून तुटलेला भाग झडून जातो. म्हणजे टाके घालून जुना तंतू पुन्हा जिवंत होत नाही. टाक्यांनी केवळ वाट सांधली जाते, आणि त्या वाटेने पेशीकडून नवा अंकुर फुटून पुढे जावा लागतो. स्पेनमधील रामोन इ काहाल यांनी हे अंकुर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९१३-१४ साली दोन खंडांत त्यांचे वर्णन केले.

माणसाच्या शरीरात हा अंकुर दिवसास सुमारे १ मिलिमीटर वाढतो. मज्जातंतू कोपराजवळ तुटला आणि पंजातील स्नायू तेथून ३०० मिलिमीटर दूर असला, तर हिशेब सरळ आहे : ३०० दिवस. इकडे स्नायू रोज वाळत असतो. वर्ष-दीड वर्ष उलटले की आलेल्या अंकुरास सामावून घेण्याची त्याची शक्ती क्षीण होते. पाहुणा दारी पोहोचतो, पण घराला कुलूप लागलेले असते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या बाबतीत या हिशेबाचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी ऑक्सफर्ड येथे एर्न्स्ट गुटमन व लुडविग गुटमन यांनी सशांवर प्रयोग करून दाखविले की, नियमितपणे वीज दिल्यास मज्जातंतू तुटलेल्या स्नायूचे वाळणे पुष्कळ रोखता येते. घर उघडे ठेवण्याचा हा उपाय होता. पाहुण्याने लवकर निघावे यासाठी त्यात काही नव्हते. पुढे १९८३ साली निक्स व हॉप्फ या जर्मन संशोधकांनी वीज खुद्द मज्जातंतूसच दिली. सशाच्या पायातील स्नायू त्यामुळे लवकर कामास लागला.

खरे आश्चर्य २००० साली कळले. कॅनडातील एडमंटन येथे टेसा गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मांडीतील मज्जातंतू कापून शिवला आणि टाक्यांच्या वरच्या बाजूस सेकंदास २० या गतीने विजेचे हलके ठोके दिले. कोणास १ तास, तर कोणास थेट २ आठवडे. एका तासाचा गुण दोन आठवड्यांइतकाच आला! एरवी सर्व तंतूंना २५ मिलिमीटर अंतर काटण्यास ८ ते १० आठवडे लागत. तेथे ३ आठवडे पुरले.

याचे कारणही मनोरंजक आहे. वीज अंकुराचा वेग वाढवीत नाही, असे २००२ सालच्या संशोधनात दिसून आले. पुराने अडलेले यात्रेकरू नदीच्या काठी खोळंबावेत, त्याप्रमाणे अंकुर टाक्यांच्या जागी खोळंबतात. कोणी आज उतरतो, कोणी महिन्याने. विजेमुळे ते लवकर पलीकडे जातात. आणि विजेचा हा निरोप खाली स्नायूकडे जात नसून वर, पाठीच्या कण्यातील पेशीकडे जातो. औषधाने तो निरोप मध्येच अडविला, तेव्हा सारा गुण नाहीसा झाला.

यानंतर माणसांवर चाचण्या झाल्या. मनगटात दाबल्या गेलेल्या मज्जातंतूची शस्त्रक्रिया झालेल्या २१ रोग्यांची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेनंतर १ तास वीज दिली, त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूंत ६ ते ८ महिन्यांत मज्जातंतूंचे जाळे पुन्हा भरून आले. वीज न दिलेल्यांत वर्ष झाले तरी तितका फरक दिसला नाही. बोटाचा मज्जातंतू पूर्ण तुटलेल्या ३६ रोग्यांवरील चाचणीत, २०१५ साली, वीज दिलेल्यांची स्पर्शसंवेदना अधिक चांगली परतली.

या चाचण्या लहान आहेत, हे विसरून चालणार नाही. ही वीज मोजूनमापून, शल्यवैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाची असते. बाजारी विजेच्या पट्ट्यांशी तिचा संबंध नाही. ती टाक्यांची जागाही घेत नाही. तुटलेला मज्जातंतू वेळेवर शिवलाच नाही, तर अंकुराने जावे कोणत्या वाटेने? म्हणून खोल जखमेनंतर बोट बधिर झाले किंवा वळेनासे झाले, तर केवळ वरची कातडी भरून आली यावर समाधान न मानता तत्काळ वैद्यास दाखवावे. बेडकाचा पाय हालला त्या दिवसापासून त्या एका तासापर्यंत येण्यास शास्त्राला दोनशेहून अधिक वर्षे लागली; आपण मात्र एक दिवसही दवडू नये.