सडक, बांध आणि सांदवाडीतल्या विटा

गावाच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा संयोजकांचा निरोप आला. शाळेत इतिहासात मला बरे गुण पडत, एवढाच त्याचा आधार. मित्रहो, मी सुरुवात घरामागच्या सांदवाडीपासून करतो. सडकेपर्यंत पोचूच.

पावसाळ्यात मागच्या दारी घोटाभर चिखल होई, म्हणून निवृत्तीनंतर तिथे विटांचे अंगण घालायचे ठरवले. जागा बारा बाय दहा फूट. मजूर कशाला, म्हणून जमीन वरवर सारखी केली, रेती पसरली आणि दोन दिवसांत विटा मांडून मोकळा झालो. पोळ्यापर्यंत मधला भाग खचला, पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळले आणि एका हललेल्या विटेवरून आई घसरली. तिचे मनगट मोडले. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

तेव्हा आपल्याच वर्गातला एक मित्र आला. सातवीनंतर त्याची शाळा सुटली आणि तो वीटभट्टीवर लागला. त्याने दोन विटा उचलून सब्बल जमिनीत खुपसली. ती सहज आत गेली. ‘अबे, इटा ठेवणं सोपं हाये,’ तो म्हणाला, ‘खालची माती बसवलीच नाही तू.’

आपल्याकडे मातीला नावे आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी. कन्हार पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. धानाच्या बांधीला ती चालते, अंगणाखाली घात करते. ही जाण ज्यांच्याकडे होती त्या कोहळी समाजाने या मुलखात शेकडो तलाव बांधले. नवेगावबांधचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना देतात. मातीचा बांध टिकतो तो थरावर थर दाबून बसवल्यामुळे. सहलीला आपण त्या पाळीवर बसून डबे खाल्ले होते. पाळ कोणी, किती टोपल्यांनी उभी केली, हे कुणी विचारले नव्हते.

सडकेचेही तसेच. अर्जुनी दोन, म्हणून एक मोरगावची आणि दुसरी सडकेवरची. नागपूरहून भंडाऱ्यावरून रायपूरला जाणारा हा इंग्रजी अमदानीतला ग्रेट ईस्टर्न रोड. आपल्या वेळी महामार्ग 6, आता 53. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सांगितले होते की रस्त्याचा भार शेवटी खालची मातीच पेलते, म्हणून ती कोरडी राहिली पाहिजे. मित्राने मॅकॅडमचे नाव ऐकलेले नाही. पण भिंतीपासून दूर, दर चार फुटांना एक इंच उतार धरायला त्यानेच लावला.

दुसऱ्या वेळी साडेआठ इंच खोदले: चार इंच मुरूम, दीड इंच रेती, तीन इंचांची वीट. हिशोब केला तर माती निघाली 85 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या वर, वजनाने चारएक टन. दोनशेहून जास्त घमेली मी वाकून भरली आणि उचलली. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, तळहाताला फोड आले. मुरमावर पाणी मारून धुम्मस चालवताना खांदे भरून येत. सव्वाचारशे विटा, प्रत्येकी तीन किलोच्या आसपास. ट्रॉलीतून उतरवणे, मागे नेणे आणि मांडणे मिळून प्रत्येक वीट तीनदा हातातून गेली. खरा त्रास गुडघ्यांना झाला. मित्राने धानाचे पोते घडी करून गुडघ्याखाली दिले. दोन विटा एकमेकींवर वाजवून खणखणीत तेवढ्याच तो घेई; कच्च्या भाजलेल्या बाजूला काढी.

एका दुपारी विटांवर बसून त्याला पवनीबद्दल सांगितले. आपण शाळेत असताना आपला जिल्हा भंडाराच होता (गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999 ला), म्हणून पवनी आपलीच. वैनगंगेकाठच्या तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झाले आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा विटांचा स्तूप उजेडात आला. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. त्या काळच्या विटा आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, हातभर लांबीच्या असत, असे मी म्हणालो. त्याने हाताने माप घेतले, मनात वजन केले आणि विचारले, ‘मंग एक माणूस दिवसाच्या किती उचलत असंल?’

माझ्या टिपेत ते नव्हते.

यंदाच्या पावसाळ्यात अंगण हलले नाही. आई सकाळी तिथे खुर्ची टाकून तांदूळ निवडते. मित्र दहावीच्या यादीत नाही, म्हणून निमंत्रणांच्या यादीतही नव्हता; मी संयोजकांना त्याचा पत्ता दिला आहे. धान चुरून झाले असले तर येतो, म्हणाला.