अंतर्गत वित्तीय नियंत्रणातील दोषनिवारण

कंपनीची वित्तीय विवरणे विश्वसनीय राहावीत म्हणून आखलेल्या नियंत्रणव्यवस्थेतील उणिवा शोधून त्या दूर करण्याची प्रक्रिया. अमेरिकेत एन्रॉन व वर्ल्डकॉम या कंपन्यांच्या हिशेबांतील गैरव्यवहार उघड झाल्यावर २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सली अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम ४०४ नुसार व्यवस्थापनाला या नियंत्रणांच्या परिणामकारकतेचे वार्षिक मूल्यमापन जाहीर करावे लागते. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३४ ने सूचिबद्ध कंपन्यांच्या संचालकांवर व कलम १४३ ने लेखापरीक्षकांवर या नियंत्रणांविषयी निवेदन करण्याची जबाबदारी टाकली (पहा : कंपनी कायदा, लेखापरीक्षण).

तीव्रतेनुसार साधी उणीव, लक्षणीय उणीव व गंभीर दोष असे तीन प्रकार मानतात. विवरणांतील मोठी चूक वेळीच टळणार वा सापडणार नाही, अशी वाजवी शक्यता असल्यास तो गंभीर दोष ठरतो. व्यवहाराला मंजुरी देणे, त्याची नोंद करणे व मालमत्ता सांभाळणे ही कामे एकाच व्यक्तीकडे असणे, खात्यांचा ताळमेळ न घेणे, संगणकप्रणालीत अनावश्यक प्रवेशाधिकार देणे आणि प्रशिक्षित लेखापालांची कमतरता ही प्रमुख कारणे होत. निवारणात मूळ कारणाचा शोध, नियंत्रणाची फेररचना, जबाबदारीची निश्चिती, अंमलबजावणी व चाचणी हे टप्पे येतात. लेखापरीक्षण समिती त्यांवर देखरेख ठेवते (पहा : अंतर्गत लेखापरीक्षण).

सुधारित नियंत्रण पुरेसा काळ चालून चाचणीत परिणामकारक ठरल्यावरच दोष दूर झाल्याचे मानतात. वर्षअखेरीस एकही गंभीर दोष शिल्लक असल्यास अमेरिकी नियमांनुसार व्यवस्थापनाला नियंत्रणे परिणामकारक असल्याचे जाहीर करता येत नाही (पहा : निगम सुशासन).