अपघात, घातपात आणि ‘मानवी चूक’ : औद्योगिक दुर्घटनेच्या कथनाचा इतिहास

१

औद्योगिक दुर्घटनेची चौकशी हा निखळ तांत्रिक व्यवहार मानला जातो. तथापि चौकशीचा अहवाल हेही अखेर एक कथनच असते. त्याला आरंभ असतो, कार्यकारणाची साखळी असते आणि कर्ता असतो. आरंभ कोठे धरला यावर कर्ता कोण ठरणार हे अवलंबून असते. झडप उघडणाऱ्या हातापासून गोष्ट सुरू केली तर कर्ता कामगार ठरतो; तीच गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या खर्चकपातीपासून सुरू केली तर कर्ता बदलतो. ‘मानवी चूक’ या संज्ञेने पहिल्या प्रकारच्या आरंभाला दीर्घकाळ शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली.

या संदर्भात मराठी शब्दांकडे लक्ष देणे उद्बोधक ठरते. इंग्रजीतील ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द लॅटिनमधील ‘येऊन पडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. त्यात घटना आहे, घडविणारा नाही. ‘अपघात’ या शब्दातील ‘घात’ मात्र ‘हन्’ या धातूपासून आलेला असून त्यात प्रहार आणि हत्या हे अर्थ आहेत. हेतुपुरस्सर केलेल्या विध्वंसाला आपण ‘घातपात’ म्हणतो. म्हणजे अनवधानाने घडलेले आणि जाणूनबुजून केलेले यांची नावे मराठीत एकाच धातूशी जोडलेली आहेत. घात कोणी केला, हा प्रश्न शब्दाच्या उदरातच शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा मुंबई, फ्रान्समधील खाणी आणि भोपाळ अशा तीन स्थळी घेतला आहे.

२

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. शंभर वा अधिक कामगारांच्या यंत्रचालित कारखान्यांना तो लागू होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांच्या कामाचे तास त्याने नऊवर आणले; धोकादायक यंत्रांना कठडे घालणे आणि अपघातांची वर्दी देणे यांविषयी तरतुदी केल्या. अपंग झालेल्या कामगाराचे पुढे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर कामगारांच्या बाजूने मांडले गेले ते १८८४ साली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती. कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी.

या मागणीची रचना लक्षणीय आहे. चूक कोणाची हा प्रश्न ती विचारीतच नाही. दुखापत कामावर झाली, एवढेच तिला पुरेसे आहे. समकालीन इंग्रजी न्यायविचारात, नोकरी पत्करणाऱ्याने तिच्यातील जोखीमही पत्करली असे गृहीतक प्रबळ होते. त्या पार्श्वभूमीवर हे निवेदन काळाच्या पुढचे ठरते. कामगार नुकसानभरपाई कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट त्याने काढली. परंतु नशेचा अंमल, सुरक्षेच्या आज्ञेचे हेतुपुरस्सर उल्लंघन असे अपवाद ठेवले. कामगाराच्या वर्तनाची तपासणी अशा रीतीने मागच्या दाराने परत आली.

३

या तपासणीला आकड्यांचे बळ दिले ते अमेरिकेतील एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी. १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी औद्योगिक अपघातांपैकी ८८ टक्के कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के अटळ कारणांनी घडतात असे प्रतिपादन केले. विमा-दाव्यांच्या कागदपत्रांवर आणि कारखान्यांतील नोंदींवर हे वर्गीकरण आधारलेले होते. जखमी झालेल्याची बाजू अशा कागदांत कितपत उतरणार, हा पद्धतिशास्त्रीय आक्षेप पुढे वारंवार घेतला गेला. तरीही आकडा सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकांतून दशकानुदशके फिरत राहिला.

या वर्गीकरणाच्या जवळपास अर्धशतक आधी, १८८५ साली ग्रंथरूपाने आलेल्या एमिल झोला यांच्या ‘जर्मिनाल’ या कादंबरीने ‘असुरक्षित कृती’ची उकल करून ठेवली होती. तिच्यातील खाणकामगार छताला लाकडी आधार देण्यात हयगय करतात, हे खरे आहे. परंतु त्यांची मजुरी कोळशाच्या गाड्यांवर मोजली जाते. आधार ठोकण्यात गेलेला वेळ म्हणजे बुडालेली भाकरी. कंपनी त्यांना दंड करते आणि पुढे आधाराचा दर वेगळा काढून गाडीचा दर घटविते. छत कोसळते तेव्हा ‘असुरक्षित कृती’ आणि ‘असुरक्षित परिस्थिती’ यांना वेगळे करणे अशक्य झालेले असते. याच कादंबरीत सुवारीन हा अराज्यवादी खाणीच्या विहिरीचे अस्तर जाणूनबुजून खिळखिळे करतो आणि खाण पाण्याखाली जाते. अपघात आणि घातपात यांना एकाच कथनात शेजारी ठेवून झोला वाचकास दोहोंची तुलना करावयास लावतात.

४

भोपाळमध्ये ही तुलना न्यायालयीन वादाचे रूप घेऊन आली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ई-६१० या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायुरूपाने शहरावर पसरले. सरकारने पुढे नोंदविलेला मृतांचा आकडा ५,२९५ आहे; पीडितांच्या संघटना तो याहून कितीतरी मोठा मानतात.

पाणी टाकीत कसे शिरले याची दोन कथने झाली. एकानुसार नळ्या धुताना अडथळ्याची धातूची चकती बसविली गेली नाही आणि पाणी वाहत टाकीपर्यंत गेले. कंपनीने पुरस्कारलेल्या दुसऱ्या कथनानुसार एका असंतुष्ट कामगाराने पाण्याची नळी टाकीला थेट जोडली. पहिले अपघाताचे, दुसरे घातपाताचे. दोहोंचा आरंभ मात्र एकच आहे : त्या रात्रीचा कामगाराचा हात.

आरंभ मागे नेला की निराळे चित्र दिसते. टाकीतील द्रव थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर कार्यरत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची जोडनळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. मनुष्यबळात कपात झाली होती. कंपनीच्याच अमेरिकी तपासनिसांनी १९८२ साली त्रुटी नोंदविल्या होत्या आणि पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी आपल्या ‘रपट’ या छोट्या हिंदी साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. पाणी कोणत्याही मार्गाने आले असते तरी ते अडविणारी वा त्याचा परिणाम रोखणारी व्यवस्था शाबूत नव्हती.

दुर्घटनेच्याच वर्षी चार्ल्स पेरो यांचा, आणि १९९० साली जेम्स रीझन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यंत्राजवळच्या माणसाची चूक हा आधीच साचलेल्या दोषांचा अखेरचा दुवा असतो, ही रीझन यांची मांडणी असून भोपाळ हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक आहे. ‘मानवी चूक’ या संज्ञेतील ‘मानव’ आता केवळ कामगार राहिला नाही. यंत्रणा बंद करण्याचा निर्णयही मानवीच असतो, हे मान्य झाले.

५

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘शीतकरण यंत्रणा बंद होती’, ‘शीतकरण यंत्रणा बंद करण्यात आली होती’ आणि ‘व्यवस्थापनाने शीतकरण यंत्रणा बंद केली होती’ ही तीन वाक्ये एकच वस्तुस्थिती सांगतात. पहिल्यात कर्ता नाही; दुसऱ्यात त्याची जागा आहे, पण ती रिकामी आहे; तिसऱ्यात तो उभा आहे. कामगाराऐवजी ‘प्रणाली’ला दोष देणारे कथन पहिल्या दोन वाक्यांवर थांबले, तर निष्पन्न तेच होते : उत्तरदायी कोणीच उरत नाही.

व्याकरणाचा हा भेद न्यायालयात वर्षांमध्ये मोजला गेला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय आरोपींवरील सदोष मनुष्यवधाचा, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा आरोप रद्द करून हयगयीने मृत्यूस कारण झाल्याचा, कमाल दोन वर्षांच्या शिक्षेचा आरोप ठेवण्यास सांगितले. ७ जून २०१० रोजी हयात असलेल्या सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. इंद्र सिन्हा यांची ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ (२००७) ही कादंबरी पाण्याचा मार्ग शोधीत बसत नाही. चार पायांवर चालणाऱ्या निवेदकाच्या देहापासून ती बोलू लागते. मुंबईच्या १८८४ सालच्या निवेदनाचाही आरंभबिंदू हाच होता : जखमी माणूस. अहवाल, कायदा आणि कादंबरी यांचे एकत्र वाचन करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच प्रथम हे तपासावे, की गोष्ट कोठून सुरू केली आहे आणि त्या आरंभामुळे कोण सुटले आहे.