ठणका, कळ आणि एक आकडा

कसारा घाट चढून वर आलं, इगतपुरी मागे पडलं की आमचं घोटी लागतं. लोक आम्हाला ओळखतात ते भातामुळे, भाताच्या गिरण्यांमुळे आणि पावसामुळे. पण गावाच्या अंगावरून जो आग्रा रोड जातो, त्याची ओळख निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात या रस्त्यानं कापूस गेला, पलटणी गेल्या आणि गेली माळव्याची अफू. इंदूरकडून बैलगाड्यांतून निघालेल्या पेट्या घाट उतरून मुंबई बंदरात जात, तिथून जहाजानं चीनला. १८६५ साली थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला आली आणि घाटातली गाड्यांची वर्दळ हळूहळू ओसरली.

या व्यापारात मोठे झालेले जमशेटजी जीजीभाई पुढे हिंदुस्थानातले पहिले बॅरोनेट झाले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं. एका देशाला व्यसन लावणाऱ्या मालाच्या पैशातून दुसऱ्या देशात दुखणेकऱ्यांसाठी खाटा मांडल्या गेल्या. बरं-वाईट ठरवायला मी बसलेलो नाही. पण या रस्त्यावर वेदना आणि तिचं औषध एकमेकांना चुकवत कसे गेले, ते मात्र आज सांगायचं आहे.

अफू हा शब्दही लांबून आला. ग्रीकांचा ओपियॉन, अरबांचं अफ्यून, आपली अफू. युनानी वैद्यकाला ती चांगली ठाऊक होती. ज्यांचा 'कानून' आमचे हकीम शतकानुशतकं वाचत आले, ते इब्न सिना १०३७ साली वारले. त्यांनी वेदनेचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. टोचणारी, दाबणारी, ताणणारी, भोक पाडणारी, जड, बधिर, ठणकणारी अशी ती यादी आहे. कवी म्हणून मला या यादीचा हेवा वाटतो. वेदनेला आधी नाव द्यायचं आणि मग औषध, असा तो क्रम होता.

आपली मराठीही यात कमी नाही. दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक निघते, कंबरेत उसण भरते, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, पायात वांब येतात, मांडीला रग लागते, हाताला झिणझिण्या येतात. काट्याचा सल राहतो, तो पायात आणि मनातही. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. उसण भरलेला माणूस 'ठणकतं' म्हणणार नाही. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातलं नाही, बांधावरचं आहे.

पश्चिमेत ही शब्दांची किंमत फार उशिरा कळली. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करत राहिले आणि १९७५ साली त्यांनी मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द गटांत लावले होते. त्याआधी १९५३ साली जॉन बोनिका या भूलतज्ज्ञानं वेदनेच्या उपचारावर मोठा ग्रंथ लिहिला होता. हा गडी तरुणपणी व्यावसायिक पैलवान होता, मुखवटा घालून कुस्त्या करायचा. आखाड्यातल्या मारानं त्याचं अंग जन्मभर दुखत राहिलं. वेदनेचं शास्त्र उभारणाऱ्यांत एक पैलवान असावा, हे आमच्याकडच्या कुस्तीशौकिनांना आवडेल. १९७३ साली त्याच्याच पुढाकारानं जगभरचे तज्ज्ञ एकत्र आले आणि वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारं दुखणं हे नुसतं लक्षण न मानता आजार म्हणून नोंदवण्याची सोय जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत झाली, तीही २०२२ पासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत.

आता घोटीहून जेमतेम दहा किलोमीटरवरच्या टेकडीकडे वळतो. इगतपुरीचं धम्मगिरी आज जगाला ठाऊक आहे. पण त्याच्या मुळाशी एक डोकेदुखी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीनं ते इतके हैराण होते की झटका आला की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. मॉर्फिन म्हणजे अफूचाच अर्क. १८०५ च्या सुमारास सर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्यानं तो वेगळा काढला. सुईची सवय लागेल या भीतीनं गोयंका युरोप, अमेरिका, जपानपर्यंत डॉक्टर शोधत फिरले. शेवटी १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू सरकारी नोकरीत महालेखापाल होते. डोकेदुखी घालवायला येत असशील तर येऊ नकोस, असं त्यांनी आधी बजावलं. पुढे गोयंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं भरू लागली. तिथं आजही हेच सांगतात की ही साधना शारीरिक आजाराचा इलाज नव्हे.

गंमत अशी की अमेरिकेत तिचीच एक चुलत बहीण दवाखान्यात शिरली. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात, ज्यांच्यापुढे औषधं थकली होती अशा रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. शरीरावरून क्रमाक्रमानं लक्ष फिरवण्याची त्यातली रीत ऊ बा खिन यांच्या परंपरेशी नातं सांगते. १९८२ साली त्यांनी ५१ रुग्णांचा अनुभव छापला. ५१ माणसांवरून काय ठरतं, असं कुणी विचारलं तर ते रास्तच. म्हणून पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. २०१६ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ३४२ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट पाडले. एकाला हा वर्ग, दुसऱ्याला विचारांची सवय बदलणारा मानसोपचार, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी हालचालीत बऱ्यापैकी फरक पडलेले पहिल्या गटात सुमारे ६१ टक्के, दुसऱ्यात ५८ आणि तिसऱ्यात ४४ निघाले. जादू नाही, पण खोटंही नाही. आणि वेदना नाहीशी झाली असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

मग आला फोन. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत दोन हजारांहून अधिक जुनाट दुखणेकरी होते. काहींना फोनवर किंवा पडद्यावर माणूस भेटत होता, काहींना नुसता संगणकावरचा कार्यक्रम दिला होता. वेदना निदान तीस टक्क्यांनी उतरलेले पहिल्या गटात ३२ टक्के, दुसऱ्यात २७ च्या आसपास आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २१. माणसाचा आवाज यंत्रापेक्षा थोडा पुढे राहिला. मला त्याचं नवल वाटलं नाही.

पण ही साधनं आमच्याकडे येतात तेव्हा काय होतं? कंबरदुखी मोजायची ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली आहे, १९८० साली इंग्लंडातल्या त्याच नावाच्या गावात तयार झालेली. तिचं मराठी रूप तपासून पाहिल्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हे काम मोलाचं आहे, ते कुणी तरी करायलाच हवं होतं. पण मूळ इंग्रजीत एक प्रश्न खुर्चीवर किती वेळ बसता येतं असा आहे. आमच्या आवणीच्या बायकांची कंबर खुर्चीवर मोडत नाही. गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, वाकून रोप लावत मागे मागे सरकताना ती मोडते. 'किती वेळ वाकता येतं' हा प्रश्न इगतपुरी तालुक्यानं लिहिला असता. फोनवर तर तेवढंही नसतं. शून्य ते दहा यांतला एक आकडा सांगा, एवढंच. इब्न सिनांचे पंधरा आणि मेलझॅकचे ७८ तिथं एका आकड्यात बसवायचे. गिरणीवर येणाऱ्या एका मावशींना तो आकडा विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, दिवसा की रातच्याला?"

सगळ्यात अवघड गाठ मॉर्फिनचीच आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. हेतू चांगला होता, पण परवान्यांची अशी चळत लागली की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. मध्य प्रदेशातल्या नीमचला सरकारी अफूचा कारखाना, परदेशी औषधांसाठी माल निर्यात करणारा आपला देश, आणि आपलाच कर्करोगी विव्हळत पडलेला. १८३० च्या दशकात पेट्या घोटीवरून गेल्या त्यापेक्षा हे फार वेगळं नव्हतं. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना हे देशातलं पहिलं शुश्रूषागृह सुरू केलं, ते नेमकं याच काळात.

माझ्या खालांना २०११ साली हा आजार झाला. शेवटच्या महिन्यांत त्यांना ज्या गोळ्या हव्या होत्या त्या गावात मिळत नव्हत्या. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर नाशिकला जायचं, कधी मिळायच्या, कधी परत यायचं. दुकानदाराचा दोष नव्हता, त्याला तो माल ठेवायची परवानगीच नव्हती. खाला उर्दू-मराठी मिसळून बोलत. 'दर्द' हा शब्द त्यांनी गझलेत ऐकला होता, त्या दिवसांत मात्र त्या फक्त 'लई दुखतंय' म्हणायच्या.

२०१४ साली कायदा सुधारला. अत्यावश्यक औषधांची वेगळी यादी झाली, मान्यता मिळालेल्या रुग्णालयाला अनेक परवान्यांऐवजी एकच मंजुरी पुरेशी झाली. मग २०२० च्या मार्चमध्ये, साथीच्या धामधुमीत, फोनवरून उपचार करण्याचे नियम आले. ई-संजीवनीवर खेड्यातला माणूस शहरातल्या डॉक्टरशी बोलू लागला आणि पुष्कळांची एसटी वाचली. पण त्याच नियमांत मनाईची यादी होती, आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं पडद्यावरून लिहून देण्यास तिच्यात बंदी होती. व्यसनाची भीती खोटी नाही. अमेरिकेत अशाच गोळ्यांच्या मोकाट विक्रीनं काय अनर्थ केला ते जगानं पाहिलं. तरीही ज्याला बसही चढवत नाही, त्या रुग्णाची तपासणी पडद्यावर होऊ शकते आणि त्याची गोळी मात्र लिहिता येत नाही, अशी ती तरतूद झाली. मग कागद घेऊन घरातलं कुणी तरी आग्रा रोडला उभं राहतं, नाशिकची गाडी येईपर्यंत.