धरणाचा पाझर आणि राखणदाराचा कान

धरणफुटी म्हटली की पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेतला पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचला. ते खचणे डोळ्यांना दिसत होते. जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते न दिसणाऱ्या पाण्याविषयी, भरावाच्या पोटातून झिरपणाऱ्या.

मातीचे धरण झिरपावयाचेच. वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली मांडला आणि पाझराचे गणित आजही त्याच्यावरच उभे आहे. तेव्हा पाझर आहे काय, हा प्रश्नच नव्हे. तो किती, आणि कोणत्या रंगाचा, हे विचारावे. स्वच्छ पाझर फक्त पाणी नेतो. गढूळ पाझर धरणच घेऊन जातो. मातीचा कण सुटतो, आत बीळ पडते, बीळ रुंदावले की पाणी वाढते, आणि वाढलेले पाणी आणखी माती ओढते. म्हणून पायथ्याच्या चारीत ‘व्ही’ आकाराची खाच पाडलेली फळी बसवितात. खाचेतील पाण्याची उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपाचपटींहून अधिक झालेला असतो. भरावात नळ्या पुरून दाब मोजतात, पाण्यात खुणेची द्रव्ये मिसळून त्याची वाटही शोधतात. हे सारे खरे. पण फळीपाशी रोज जाणारा माणूस लागतोच.

लॉस एंजेलिस शहरात बाल्डविन हिल्स नावाचा मातीच्या बांधाचा तलाव होता. तळाच्या अस्तराखाली पाझर गोळा करणारे नळ घातलेले होते. १४ डिसेंबर १९६३, शनिवार. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास राखणदाराला सांडव्याच्या नळात पाणी वाहिल्याचा आवाज आला. एरवी तो तसा येत नसे. त्याने पाहिले तो निचऱ्याचे नळ गढूळ पाण्याने जोरात वाहत होते. त्याने वर कळविले आणि, मंडळी, वरच्यांनी ते ऐकले! तलाव रिकामा करावयास घेतला, पोलिसांनी खालची वस्ती हलविली. दुपारी ३ वाजून ३८ मिनिटांनी बांध फुटला. पाच माणसे गेली, दोनशेंहून अधिक घरे गेली. पण हजारो माणसे तोवर बाहेर पडली होती. तळाखालची जमीन सरकून अस्तर फाटले होते. जवळच्या तेलविहिरींचा त्यात किती हात, यावर तज्ज्ञ पुढे पुष्कळ भांडले.

आम्ही कारखान्यांत उमेदवारीपासून राबलो. लेथचा आवाज बदलला हे प्रथम कळते ते त्यावर उभ्या असलेल्या कामगाराला, आणि बहुधा त्याला उत्तर मिळते, “तू तुझे काम कर.”

अमेरिकेतच आयडाहो राज्यात टेटन धरणावर ५ जून १९७६ रोजी सकाळी गढूळ पाणी दिसले. भोक बुजविण्यासाठी दोन बुलडोझर उतारावर धाडले. दोन्ही यंत्रे त्या भोकाने गिळली, चालक तेवढे कसेबसे वाचले. दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण गेले. अकरा माणसे दगावली. नवे कोरे धरण ते, पहिल्यानेच भरत होते. भरावातील पाण्याचा दाब सांगणारी साधने त्यात बसविलेलीच नव्हती.

आमच्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटले, खालची घरे झोपेच्या वेळी वाहून गेली. धरणातून पाणी गळते आहे, ही तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती.